आधी रिकामी कॉट काढ

"ताई, मी मूळचा कराडचा. ऐरोलीत नोकरी करतो आणि घणसोलीत पीजीमध्ये राहतो. खोलीत आम्ही चौघं, पण चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. समोरच्या कॉटवरचा मुलगा मला एकतर झोपलेला दिसतो, नाहीतर दिसतच नाही. सुट्टीच्या दिवशी कधीकधी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलणंच होत नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दिल्या होत्या, दोन्हींना 'ए' ग्रेड होती. इथे आल्यावर पुन्हा पेन्सिल हातात घेतली. शहरातलं एकटेपण काढावं असं फार वाटतं. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरची चित्रं सारखी बघतो. पण माझं चित्र मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, 'गुगलवरून घेतलंस का?' तेव्हापासून वही उघडावीशी वाटत नाही. चित्राचा फोटो पाठवतोय. काय चुकतंय? आणि एक खरं सांगा, मी चित्रं काढत बसतो म्हणून लोकांत मिसळत नाही, की मिसळता येत नाही म्हणून चित्रं काढत बसतो?"
– अ., घणसोली

प्रिय अ.,

तुझ्या चित्रात पाऊस आहे, बाक आहे, बाकावर हुडी घालून मान खाली घातलेला माणूस आहे, वर दिव्याचा खांब आणि मागे उंच इमारती. हात चांगला आहे तुझा. उभ्या रेघा पट्टी न लावता सरळ आल्यात, पावसाचं शेडिंग एका दिशेनं आणि एका दाबानं केलंयस. हे सोपं नसतं. पण घणसोलीत असा बाक आहे कुठे? त्या इमारतींच्या एकाही खिडकीला ग्रिल नाही. कुठे टॉवेल वाळत नाही, एसीचा डबा लटकत नाही, भिंतीवरून पाइप उतरत नाहीत, पाइपाच्या सांध्याशी ओल येऊन पिंपळाचं रोप उगवलेलं नाही. मित्राचं बोलणं तुला लागलं, साहजिक आहे. पण त्यानं चित्र नीट बघितलं होतं. तू जिथे राहतोस ते गाव त्याला त्यात सापडलं नाही, एवढंच तो बोलला.

रेखाकला परीक्षेतला स्मरणचित्राचा पेपर आठवतो ना? बाजारातलं दृश्य, बसथांब्यावरचं दृश्य. ठरलेल्या वेळात चित्र पुरं करायचं असायचं, म्हणून सगळ्यांनीच काही आकृत्या पाठ करून ठेवलेल्या असायच्या. पिशवी घेतलेली बाई, छत्रीवाला, पेपर वाचणारा माणूस. परीक्षेपुरतं ते ठीकच होतं, त्यातून हाताला वळण लागतं. पण सवय मागे उरते. 'एकटेपण' हा विषय डोक्यात आला की हात अजूनही पाठ असलेली आकृती शोधायला लागतो, आणि हल्ली त्या आकृत्या मोबाइलवर मिळतात. हुडी, बाक, पाऊस. माझ्या वर्गात येणारी निम्मी मुलं पहिल्या महिन्यात हाच माणूस काढतात. त्यांना काहीतरी खरंच सांगायचं असतं, म्हणून मला त्या माणसाचा राग येतो. तो त्यांच्या पुढे येऊन बसतो आणि मागचं काही दिसूच देत नाही.

एकटेपण पेन्सिलीनं थेट काढता येत नाही. अंतर मात्र काढता येतं. दोन वस्तूंमधलं, दोन माणसांमधलं, बघणारा जिथे उभा आहे तिथून समोरच्या गोष्टीपर्यंतचं. तू हॉपरचं नाव घेतलंस, तर त्याचं १९४२ सालचं 'नाइटहॉक्स' पुन्हा एकदा उघड. रात्रीचं कोपऱ्यावरचं उपाहारगृह, आत चौघंजण. कुणीही रडवेलं नाही, पाऊस नाही. एक बाई आणि एक पुरुष शेजारी शेजारी बसलेत, त्यांचे हात जवळजवळ टेकलेत, पण नजर एकमेकांकडे नाही. एकजण आपल्याकडे पाठ करून बसलाय. आणि त्या काचेच्या दुकानाला रस्त्याच्या बाजूनं दरवाजाच दाखवलेला नाही. आपण फुटपाथवर उभे राहून उजेडाकडे बघतोय आणि आत जायला वाट नाही. त्या माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा ती काच आणि न काढलेला दरवाजा जास्त काम करतात.

तुला पेन्सिलीच्या दृष्टीनं त्याचं १९२१ सालचं 'नाइट शॅडोज' जास्त उपयोगी पडेल. ते एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून घेतलेला छाप, रंग नाहीतच, फक्त काळं आणि पांढरं. रस्ता खूप उंचावरून बघितलाय, एक माणूस चाललाय, अगदी लहान, चेहरा दिसत नाही. खांबाची लांब सावली रस्त्यावर आडवी पडलीय. आता हे चित्र मनात ठेवून तुझ्या बाकाकडे बघ. तू त्या माणसाच्या समोर, त्याच्याच उंचीवर, चारपाच पावलांवर उभा आहेस. एवढ्या जवळ उभं राहून त्याला एकटा कसं म्हणायचं? तू आहेस की तिथे. डोळ्यांची पातळी कुठे धरायची हे ठरलं की अर्धं चित्र ठरतं, आणि तू ते ठरवलंच नाहीस, जसं सापडलं तसं घेतलंस.

पण हॉपरचं न्यूयॉर्क उचलू नकोस. तो १९१३ पासून १९६७ मध्ये वारला तोपर्यंत वॉशिंग्टन स्क्वेअरच्या एकाच इमारतीत राहिला आणि रोज डोळ्यांसमोर होतं तेच बघत राहिला. घ्यायचं असेल तर हे घे.

आता तुझ्या फोटोबद्दल. तुझ्या लक्षात आलं नसेल, पण फोटोत वहीचं डावं पानही अर्धवट आलंय. त्यावर लोखंडी कॉटचा एक पाय आहे, घडी केलेल्या ब्लँकेटचा कोपरा आहे आणि वरून चार्जरची वायर लोंबतेय. वायरीचं टोक हवेत आहे, त्याला फोन नाही. बहुतेक बसल्या बसल्या काढलं असशील, त्याला चित्र म्हणून मोजलंही नसशील. माझं ऐकशील तर बाकाचं पान उलट आणि हे पुढे ने. खोलीत चार कॉट आहेत, पण तुला दिसतात ती माणसं कमी आणि त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा जास्त. नव्या मुंबईत, ठाण्यात, हिंजवडीत हजारो मुलंमुली अशा खोल्यांमधून राहतायत. एकाच्या अंगाची ऊब गादीतून जायच्या आत दुसरा दार उघडून येतो, आणि वर्षभर एका खोलीत राहूनही दोघांची धड ओळख होत नाही. हे कुणी फारसं काढलेलं नाही. तुझ्या समोर आहे ते.

समोरची कॉट रिकामी असेल तेव्हा आपल्या कॉटवर बसून ती काढ. माणूस नको. गादीत अंगाचा खळगा पडलेला असतो, तो सगळ्यात आधी बघ, कारण तिथे बहुतेकांचा हात फसतो. उशी फुगीर असते, खळगा खोलगट असतो, आणि दोन्हींवर छाया उलट पडते. खिडकी डावीकडे असेल तर उशीची डावी बाजू उजळ आणि उजवी गडद दिसेल. खळग्यात डावा उतार सावलीत जाईल आणि उजव्या उतारावर उजेड येईल. हे न बघता अंदाजानं केलं की खळग्याच्या जागी उंचवटा दिसतो, जणू चादरीखाली कुणीतरी आहे. खळग्याला बाहेरून रेघ देऊ नकोस, त्याला कड नसतेच. मऊ शिशाची २बी पेन्सिल आडवी धर, टोकाऐवजी शिशाच्या बाजूनं हलका थर दे, मग दुसरा. सगळ्यात गडद जागा खळग्याच्या मध्यभागी नसते, ती चादरीच्या दुमडीखाली असते, जिथे उजेड पोचतच नाही. तिथे त्याहून मऊ आणि काळी ६बी. आणि चार्जरची वायर एका दमात ओढ, न थांबता. थांबलास तर ती वायर न राहता दोरी होईल.

मग खोली. मुलं मला म्हणतात, रिकामेपण दाखवायचंय म्हणून कागद कोरा सोडला. कोरा कागद आपोआप रिकामा दिसत नाही, तो नुसता उजेड दिसतो, नाहीतर अर्धवट टाकलेलं काम. फरशी रिकामी दिसायला हवी असेल तर तिच्या कडा सांगाव्या लागतात. भिंत जमिनीला मिळते ती रेघ, फरशांचे दोनचार जोड, पलीकडच्या कॉटखाली सरकवलेल्या बॅगेची सावली. एवढं आलं की मधली न काढलेली जागा आपसूक जमीन होते आणि ती ओलांडून जायला किती पावलं लागतील हे बघणाऱ्याला कळतं.

मोठ्या कागदावर जायच्या आधी काडेपेटीएवढ्या चौकटी आखून त्यात पाचसहा मांडण्या करून बघ. एकीत कॉट पूर्ण, एकीत तिचं फक्त पायथ्याचं टोक, एकीत तुझे स्वतःचे पाय खाली कोपऱ्यात. एकीत दाराबाहेरून बघ. यात तपशील काढायचेच नाहीत, नुसतं काळं कुठे, करडं कुठे आणि पांढरं कुठे. ज्या चौकटीकडे नजर परत परत जाते ती मोठी करायची. हॉपरसुद्धा अशी कितीतरी रेखाटनं करून मगच कॅनव्हासकडे जायचा.

शहर कुठे गेलं, असं तू म्हणशील. शहर खिडकीत आहे. तुझ्या बाकाच्या चित्रात इमारती माणसाइतक्याच गडद आल्यात, म्हणून त्या सिनेमाच्या पडद्यासारख्या मागे चिकटल्यात. मुंबईच्या हवेत धूळ आणि दमटपणा इतका असतो की दूरचं फिकट होत जातं. समोरची इमारत एचबीनं काढ, तिच्यामागची एचनं, आणि पारसिकचा डोंगर दिसत असेल तर २एचची एकच हलकी कड पुरे. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटबरोबर चिकणमाती असते, एच म्हणजे मातीचं प्रमाण जास्त, म्हणून ती कितीही दाबलीस तरी फार काळी होत नाही. लांबच्या गोष्टींसाठी हे बरंच आहे, चुकून गडद व्हायची भीतीच नाही. खिडक्या सगळ्या काढायच्या नाहीत. तीनचार नीट बघून काढ, कुठे पापडासारखा वाळलेला पंचा, कुठे आडवी लावलेली शिडी, कुठे ग्रिलमध्ये कोंबलेल्या कुंड्या. बाकीच्यांना नुसत्या चौकोनांचा अंदाज दे.

रात्रीचं काढणार असशील तर आकाश काळंकुट्ट भरू नकोस. आपल्याकडे रात्रीचं आकाश काळं नसतंच, दिव्यांनी करडं झालेलं असतं. शिवाय ग्राफाइट दाबून दाबून भरलं की चकाकायला लागतं, आणि ती चकाकी काळेपण मारते. करडा थर सगळीकडे दे, त्यातून उजळ खिडक्या पुट्टी रबरानं, म्हणजे कणकेसारख्या मळता येणाऱ्या खोडरबरानं, टिपून काढ, घासून नको, टिपून. सगळ्यात पांढरी खिडकी एकच ठेव. बोटानं घासून धूर करायचा मोह होईल. तो टाळ असं मी आग्रहानं सांगेन. बोटाचं तेल कागदात जातं, डाग पडतात, आणि मुख्य म्हणजे सगळं सारखंच मऊ होऊन बसतं. लोखंड, कापूस आणि काच यांचा स्पर्श वेगळा राहिला पाहिजे.

माणसं काढायचीच नाहीत का? काढायची, पण खोलीनंतर. त्यासाठी ट्रान्स-हार्बर लोकल आहे की. तुला सुधीर पटवर्धनांची चित्रं बघायला हवीत. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले, ठाण्यात वर्षानुवर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेले आणि कुठल्याही कला महाविद्यालयात न शिकलेले चित्रकार. रोज दवाखान्यात जाता येता जे ठाणे आणि जी मुंबई त्यांनी बघितली ती त्यांच्या चित्रांत आली. पूल, इराणी हॉटेल, लोकल, कामावरून परतणारी माणसं. त्यांच्या गर्दीत अंगाला अंग लागलेलं असतं, पण नजरा क्वचितच मिळतात. प्रत्येक माणसाला स्वतःचं वजन आहे, कुणीही नुसतं 'गर्दी' म्हणून काढलेलं नाही. तुझ्या प्रश्नाचं इतकं जवळचं उत्तर हॉपरपाशीही नाही. पटवर्धनांची रेखाटनं कुठे बघायला मिळाली तर सोडू नकोस.

गाडीत माणूस स्थिर बसत नाही, म्हणून चेहऱ्यापासून सुरुवात करायची नाही. आधी खांद्यांची तिरकी रेघ, मग मान कुठे झुकलीय, मग मांडीवरची बॅग. रबाळे आलं, तो उतरला, तर चित्र तिथेच सोडायचं आणि शेजारी दुसरं सुरू करायचं. घरी जाऊन अंदाजानं पुरं करू नकोस. अशा अर्धवट माणसांनी भरलेलं पान जे सांगतं ते तुझ्या बाकावरच्या माणसाला सांगता आलेलं नाही. बसायला जागा नाही मिळाली तर वरच्या कड्या धरलेले हात बघ. एका दांडीला ओळीनं आठदहा हात, एकात घड्याळ, एकाला मेंदी, एकाच्या मनगटाला देवळातला लाल दोरा. चेहरे चौकटीच्या खाली राहू देत. कुणाला ओळखू येईल असं काढायचं नाही, आणि कुणी अवघडलं असं दिसलं तर लगेच वही मिटायची. कुणी वाकून बघितलंच तर वही पुढे कर. बहुतेक जण हसतात आणि 'माझं काढा' म्हणतात.

सामानाचं फार मनावर घेऊ नकोस. २एच, एच, एचबी, २बी आणि ६बी अशा पाच पेन्सिली, पुट्टी रबर, कटर. कागद मात्र गुळगुळीत नको. किंचित खरखरीत कार्ट्रिज घे, १५० जीएसएमच्या आसपासचा. कागदाच्या दाण्यांमध्ये पांढरं शिल्लक राहतं आणि त्यामुळे छाया श्वास घेते. फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात जॉर्ज सेरा या चित्रकारानं काँटे क्रेयॉननं, म्हणजे एका कठीण काळ्या खडूनं, खरखरीत कागदावर अशी रेखाटनं केली की त्यात बाह्यरेषाच नाही, संध्याकाळच्या अंधारातून माणूस हळूहळू वर येतो. ती शोधून बघ, तुझ्या रात्रीच्या खिडकीसाठी कामी येतील.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो तू शेवटी एका ओळीत लिहिलास, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंस असं मला वाटतं.

दोन्हींतलं आधी काय, हे शोधत बसू नकोस. त्यातून स्वतःला दोष देण्यापलीकडे काही हाती लागत नाही. चौघांच्या शिफ्ट वेगळ्या असणं हा तुझा स्वभावदोष नाही. कराडला संध्याकाळी नदीकाठी प्रीतिसंगमावर गेलास तर चार ओळखीचे भेटायचे, त्यासाठी तुला काही करावं लागत नव्हतं. इथे तेच मुद्दाम ठरवून करावं लागतं, आणि ते दमवणारं असतं. हे सगळ्यांना जड जातं, फक्त कुणी बोलत नाही. चित्र काढताना तू लोकांपासून पळत असतोस असंही मला वाटत नाही. ज्याला समोरच्या कॉटवरची लोंबती वायर दिसते त्याचं माणसांकडे लक्ष आहे. फक्त ते लक्ष त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ते पोचवायला पेन्सिलच वापर. चौघांपैकी जो सुट्टीच्या दिवशी खोलीत सापडेल त्याला म्हण, दहा मिनिटं बस, तुझं चित्र काढतो. गप्पा मारता येत नसल्या तरी चालतं, तोच बोलायला लागेल. दहा मिनिटं कुणी आपल्याकडे एवढं निरखून बघतंय, हे मोठ्या माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही, आणि त्यानंतर दोघं पूर्वीइतके परके राहत नाहीत. चित्र बिघडलं तरी त्याला देऊन टाक. आणि बाहेर पडून काढायचं असेल तर अर्बन स्केचर्स आहेत. २००७ साली सिएटलमधल्या एका वृत्तपत्र चित्रकारानं ही चळवळ सुरू केली, जागेवर बसूनच चित्र काढायचं हा तिचा नियम. मुंबईतही त्यांचा गट आहे, ठरवून एका ठिकाणी जमतात, आपापलं काढतात आणि शेवटी वह्या जमिनीवर मांडून एकमेकांच्या बघतात. न बोलता लोकांमध्ये बसायची ही चांगली सोय आहे. तुझ्यासारख्याला ती मानवेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारते. झोप उडालीय का? जेवण जात नाही, आवडतं तेही नकोसं वाटतं, सकाळी उठावंसंच वाटत नाही, असं दोनतीन आठवडे सलग चाललंय का? तसं असेल तर ते चित्रावर सोडू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरी फोनवर 'बरं चाललंय' म्हणतोस ना, तेही एकदा खरं सांगून बघ. आईला कळलेलं असतंच बहुतेक.

कॉटचं चित्र झालं की मला पाठव, काडेपेटीएवढ्या चौकटींसकट. मला त्या जास्त बघायच्यात. फोटो दिवसा काढ, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, आणि वही उजेडाच्या समोर न धरता थोडी तिरकी धर, नाहीतर ग्राफाइट चमकून ६बीची जागा पांढरी येईल आणि खळगा मला दिसणारच नाही.

तुझी,
ताई